हाताचा सर्जन निवडताना: पाटीवरच्या अक्षरांमागचं शिक्षण कसं वाचायचं

दवाखान्याच्या पाटीवर ‘हँड सर्जन’ लिहिलेलं असलं, तरी त्या दोन शब्दांमागचं शिक्षण सगळ्यांचं सारखं नसतं. कुणी हाडांचं शिक्षण घेऊन हाताकडे वळलेलं असतं, कुणी प्लास्टिक सर्जरी शिकून आलेलं असतं, आणि हाताचीच स्वतंत्र पदवी घेतलेला एखादाच सापडतो. तिघंही आपापल्या जागी उत्तम असू शकतात. पण तुमच्या आईचं मनगट मोडलंय की भावाची दोन बोटं कडबाकुट्टीत गेलीत, यावर त्यांच्यातलं कोण तुमच्या उपयोगाचं ते ठरतं. म्हणून ‘गावातला सगळ्यात मोठा डॉक्टर कोण’ असं विचारत फिरण्यापेक्षा ‘माझ्या हातात नेमकं काय बिघडलंय आणि ते दुरुस्त करायला हा माणूस कुठे, किती दिवस शिकला’ हे विचारलेलं बरं.

आधी घाई किती आहे ते ठरवा

डिग्री तपासायला वेळ असतो तेव्हाच ती तपासायची. काही प्रसंगात तो नसतो. बोट तुटून वेगळं झालंय, जखमेच्या पुढचा भाग पांढराफटक किंवा निळा पडलाय, रक्त दाबूनही थांबत नाही, प्लास्टर किंवा पट्टी बांधल्यानंतर वेदना कमी व्हायच्या ऐवजी वाढतच चालली आहे आणि बोट जरा सरळ केलं तरी जीव जातोय, किंवा काटा रुतल्यावर अख्खं बोट सुजून वाकडं झालंय, ही सगळी तातडीची कामं आहेत. अशा वेळी जवळच्या ज्या रुग्णालयात मायक्रोस्कोपखाली रक्तवाहिन्या जोडण्याची सोय आहे तिथे निघायचं, आणि निघतानाच फोन करायचा: ‘बोट तुटलंय, आत्ता हाताचा किंवा प्लास्टिक सर्जन आहे का, मायक्रोस्कोप चालू आहे का?’ उत्तर ‘या तर खरं, बघू’ असं आलं तर दुसरा फोन लावायचा.

तुटलेला भाग स्वच्छ, सलाइनने ओलसर केलेल्या कापडात किंवा गॉझमध्ये गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड घट्ट बांधायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बर्फ थेट मांसाला लागू द्यायचा नाही. त्याने पेशी मरतात आणि जोडण्यासारखं बोटही वाया जातं. हळद, कॉफी पावडर, स्पिरिट काही लावायचं नाही. नीट थंड ठेवलेल्या बोटाला बराच अवधी मिळतो, पण मनगटापासून किंवा त्याच्या वरून हात तुटला असेल तर त्यात स्नायू असतात आणि स्नायूंना रक्ताविना सहा तासांच्या आसपासच धरता येतं.

भोसरी-चाकणच्या प्रेसशॉपमध्ये, इचलकरंजी-भिवंडीच्या मागावर किंवा उसाच्या चरकावर काम करणाऱ्यांनी, आणि गोठ्यात कडबाकुट्टी असणाऱ्या प्रत्येक घराने, हे फोन नंबर आधीच लिहून भिंतीवर लावून ठेवावेत. मुंबईत केईएम, शीव, नायर आणि जे. जे., पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय इथे प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. आपल्या जिल्ह्यातलं उत्तर मात्र आधी विचारूनच ठेवावं लागतं. अपघाताच्या रात्री ते शोधत बसणं महागात पडतं.

बाकी सगळ्यात वेळ आहे. कापलेल्या टेंडनला (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला) किंवा मोडलेल्या हाडाला काही दिवस असतात, मुंग्या येणाऱ्या हाताला काही आठवडे. पुढचं सगळं त्या दिवस-आठवड्यांसाठी आहे.

हाताची शाखा दोन दारांतून का आली

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात हाताला जखमा झालेल्या सैनिकांची रांग लागली तेव्हा एक अडचण लक्षात आली. हाड एक जण बसवायचा, नस (म्हणजे मज्जातंतू) दुसरा शिवायचा, कातडी तिसरा लावायचा, आणि शेवटी हात मात्र आखडलेलाच राहायचा. स्टर्लिंग बनेल या सर्जनने आग्रह धरला की हातातलं हाड, नस, टेंडन आणि कातडी या सगळ्याची जबाबदारी एकाच माणसाने घ्यावी. त्यातून सैन्यात हाताची वेगळी केंद्रं निघाली आणि १९४६ मध्ये अमेरिकेत हाताच्या सर्जनांची संघटना उभी राहिली. त्याच वर्षी ब्रिटिश सर्जन पॉल ब्रँड वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि पुढे कुष्ठरोगाने पंजासारखे वळलेले हात टेंडन बदलून पुन्हा कामाला लावू लागले. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर अँटिया प्लास्टिक सर्जरीच्या बाजूने याच प्रश्नाकडे आले. हाडांच्या बाजूने डॉ. बी. बी. जोशींनी बारीक तारा आणि सळ्यांची बाहेरून धरणारी जी रचना तयार केली, ती आजही ‘जेस’ या नावाने देशभर वापरात आहे.

हा इतिहास सांगायचं कारण एवढंच, की दोन्ही दारं जुनी आणि प्रतिष्ठेची आहेत. ‘प्लास्टिक सर्जन म्हणजे नाक सरळ करणारा, त्याला हाताचं काय कळणार’ हा समज आपल्याकडे अजून घट्ट आहे आणि तो चुकीचा आहे. कापलेल्या हातासाठी रात्री दोन वाजता मायक्रोस्कोपला बसणारा माणूस बहुतेक वेळा प्लास्टिक सर्जनच असतो.

वर्षं मोजा

एम.बी.बी.एस. साडेपाच वर्षांचं असतं, इंटर्नशिप धरून. त्यानंतर वाटा फुटतात.

हाडांच्या वाटेवर तीन वर्षांचं एम.एस. ऑर्थोपेडिक्स किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाचं डी.एन.बी. ऑर्थोपेडिक्स असतं. डी. ऑर्थो हा दोन वर्षांचा डिप्लोमा. या शिक्षणात मनगटाची आणि हाताची हाडं येतात, पण गुडघा, खुबा, मणका, मांडीचं हाड यांच्या गर्दीत हाताच्या वाट्याला थोडाच वेळ येतो. नुसत्या एम.एस. ऑर्थोवर कुणी हाताचा तज्ज्ञ होत नाही. त्यापुढे तो काय शिकला हे विचारायचं असतं.

प्लास्टिकच्या वाटेवर आधी तीन वर्षं जनरल सर्जरी आणि मग तीन वर्षं एम.सीएच. (एम.एस.च्या वरची पदवी) प्लास्टिक सर्जरी. म्हणजे एम.बी.बी.एस.ची सुरुवात धरून साडेअकरा वर्षं. परीक्षा मंडळाची पदवी असेल तर आता ‘डीआर.एन.बी.’ अशी अक्षरं दिसतात, आणि एम.बी.बी.एस.नंतर थेट सहा वर्षांत प्लास्टिक सर्जरी करण्याचीही मंडळाची वाट आहे. या शिक्षणात कातडी, टेंडन, नस आणि मायक्रोस्कोपखालचं काम हातात मुरतं. मनगटाच्या सांध्यातली हाडं आणि दुर्बिणीने करायची मनगटाची शस्त्रक्रिया तितकी मुरत नाही.

तिसरी वाट अरुंद आहे. एम.सीएच. हँड सर्जरी ही स्वतंत्र पदवी भारतात आहे. चेन्नईच्या स्टॅन्ली मेडिकल कॉलेजचं नाव त्यासाठी ओळखलं जातं. पण जागा फारच थोड्या. त्यामुळे ही अक्षरं पाटीवर नाहीत म्हणून कुणाला नाकारू नका. त्याहून जास्त वेळा दिसणारी पात्रता म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाची हँड अँड मायक्रोसर्जरीची फेलोशिप, एफ.एन.बी. ही दोन वर्षांची असते, हाडांच्या आणि प्लास्टिकच्या दोन्ही सर्जनांना खुली असते, प्रवेशाला परीक्षा असते आणि शेवटीही परीक्षा असते. कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलसारख्या, हाताच्या जखमा रोज येणाऱ्या ठिकाणी अशी दोन वर्षं घालवलेला माणूस तुमच्या शहरात असेल, तर गुंतागुंतीच्या दुखापतीसाठी त्याचं नाव मी यादीत वर लिहीन.

‘फेलोशिप’ या एका शब्दात सगळं बसतं

इथे वाचकाने सर्वात सावध राहावं. दोन वर्षांची परीक्षा असलेली फेलोशिप, एखाद्या मोठ्या रुग्णालयाने स्वतः दिलेली सहा महिन्यांची किंवा वर्षाची फेलोशिप, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा फेलोशिप अभ्यासक्रम, परदेशात चार आठवडे उभं राहून बघितलेली शस्त्रक्रिया, आणि वार्षिक वर्गणी भरून मिळालेलं एखाद्या संस्थेचं ‘फेलो’पद, हे सगळं पाटीवर एकाच शब्दात दिसतं.

म्हणून फेलोशिप दिसली की चार गोष्टी विचारायच्या. कुठे केली, किती महिने, तिथे स्वतः शस्त्रक्रिया केल्या की बघितल्या, आणि शेवटी परीक्षा होती का. वर्षभर एका व्यस्त विभागात रात्रपाळ्या केलेला माणूस हे आनंदाने सांगतो. त्याला तिथल्या सरांचं नाव, तिथली गर्दी, सगळं आठवत असतं. उत्तर ‘जर्मनीला ट्रेनिंग झालंय’ इथेच थांबलं, तर ते चार आठवड्यांचं आहे असं समजून चालायला हरकत नाही. चार आठवड्यांतही चांगलं शिकता येतं, पण ते एका विशिष्ट तंत्रासाठी.

इंडियन सोसायटी फॉर सर्जरी ऑफ द हँडचं सदस्यत्व म्हणजे या विषयात रस आहे, परिषदांना जाणं-येणं आहे. तेवढंच. युरोपियन बोर्डाची हँड सर्जरीची डिप्लोमा परीक्षा बरेच भारतीय सर्जनही देतात. ती अवघड आहे आणि अभ्यास झाल्याची खूण आहे, पण परीक्षा म्हणजे प्रशिक्षण नव्हे, दोन्ही वेगळं विचारा. ‘एम.सीएच. ऑर्थो’ अशी अक्षरं दिसली तर विद्यापीठ कोणतं आणि अभ्यासक्रम किती काळाचा हे जरूर विचारा. ती हाताची पदवी नाही. ‘गोल्ड मेडलिस्ट’, ‘लेझर स्पेशालिस्ट’ वगैरेकडे मी तरी बघत नाही.

नोंदणी तपासायला दहा मिनिटं लागतात

डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर लिहिलाच पाहिजे, असं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे. त्याच संहितेत असंही आहे की ज्या शाखेची विशेष पात्रता नाही, त्या शाखेचा तज्ज्ञ म्हणवून घेता येणार नाही. तेव्हा चिठ्ठीवरचा क्रमांक घ्या आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या किंवा नॅशनल मेडिकल कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा. जुन्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाची जागा २५ सप्टेंबर २०२० पासून कमिशनने घेतली आहे, त्यामुळे जुन्या लेखांतले पत्ते आता चालत नाहीत. गोव्यातल्या डॉक्टरची नोंद गोवा मेडिकल कौन्सिलकडे असते. बाहेरच्या राज्यात शिकून आलेल्याची मूळ नोंद त्या राज्यात असू शकते. एकाच नावाचे अनेक डॉक्टर निघतात, म्हणून क्रमांक, वर्ष आणि कॉलेज तिन्ही जुळवून बघा.

बघायच्या गोष्टी दोन. पहिली, नोंदणी चालू आहे का. महाराष्ट्रात तिचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. दुसरी, ‘अतिरिक्त पात्रता’ म्हणून एम.एस., एम.सीएच. नोंदलेलं आहे का. पाटीवर एम.सीएच. आहे आणि नोंदीत फक्त एम.बी.बी.एस., तर लगेच फसवणूक समजू नका, संकेतस्थळावरच्या नोंदी मागे राहिलेल्या असतात. पण स्वागतकक्षात शांतपणे विचारा. खासगी फेलोशिपा या यादीत शोधू नका. नोंदीत पदव्या बघायच्या असतात.

बी.ए.एम.एस. आणि बी.एच.एम.एस. डॉक्टरांच्या नोंदी वेगळ्या परिषदांकडे असतात. आणि हाडवैद्याची कुठेच नसते. खेड्यांत अजूनही मनगट किंवा कोपर लचकलं की आधी त्याच्याकडे जाण्याची रीत आहे. लहान मुलाच्या कोपराच्या मोडलेल्या हाडावर कांबट्या घट्ट आवळल्या की हाताचा रक्तपुरवठा बंद होऊन स्नायू मरतात, आणि पंजा कायमचा आखडतो. हे पुस्तकातलं दुर्मीळ उदाहरण नव्हे, हाताच्या कुठल्याही मोठ्या विभागात अशी मुलं येतात.

आजार आणि शिक्षण यांची जोडी लावा

या मुद्द्याला जास्त वेळ द्या. बहुतेक लोक डिग्रीच्या उंचीवर सर्जन निवडतात. निवडायचा असतो तो बिघडलेल्या भागावरून.

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकल्यावर बरं वाटतं, ते बहुधा कार्पल टनेल, म्हणजे मनगटात दबलेली नस. बोट वाकवलं की अडकतं आणि कट्‌ करून सुटतं, ते ट्रिगर फिंगर. मधुमेह असलेल्यांना जास्त होतं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखतं आणि बाळाला उचलताना कळ येते, तो टेंडनच्या आवरणाचा त्रास. यांच्या शस्त्रक्रिया लहान असतात आणि त्या नियमित करणारा ऑर्थोपेडिक किंवा प्लास्टिक सर्जन पुरेसा आहे. यासाठी पाचशे किलोमीटर प्रवास करून नावाजलेला माणूस गाठायची गरज नाही. उलट इथे शिक्षणापेक्षा संयम बघा: रात्री लावायची पट्टी, इंजेक्शन, शंका असेल तर नसेची तपासणी, थायरॉइड आणि साखर बघणं, हे न करता पहिल्याच भेटीत तारीख देणारा डॉक्टर मला रुचत नाही. मात्र अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा सपाट व्हायला लागला असेल तर नस बरीच दबली आहे. मग पट्टीवर महिने घालवायचे नाहीत.

पडल्यावर मनगटाचं हाड मोडणं हे साठी ओलांडलेल्या बायकांचं अगदी नेहमीचं. हे हाडांच्या सर्जनचं क्षेत्र. तुकडे सांध्यात गेले असतील, तर मनगटाचं काम सतत करणारा निवडा. पण त्याच पडण्यात अंगठ्याच्या बाजूचं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलं असेल, तर गंमत अशी की पहिल्या दिवसाच्या एक्स-रेमध्ये ते अनेकदा दिसत नाही. तरुण मुलगा क्रिकेट खेळताना पडतो, ‘फ्रॅक्चर नाही, लचक आहे’ म्हणून क्रेप बँडेज बांधून घरी येतो. या हाडाला रक्त दूरच्या टोकाकडून उलटं येतं, त्यामुळे ते न जुळता राहून गेलं की आतला तुकडा मरू शकतो आणि काही वर्षांनी मनगट दुखायला लागतं. अंगठ्याच्या मुळाशी दाबून दुखत असेल तर प्लास्टर घालून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे किंवा आधीच एम.आर.आय. सांगणारा डॉक्टर, हा मनगट कळणारा डॉक्टर. न जुळलेल्या स्कॅफॉइडसाठी मात्र मनगटाचं खास प्रशिक्षण घेतलेलाच बघा.

काचेने, विळीने किंवा पतंगाच्या मांज्याने बोटाच्या आतल्या बाजूला कापलं आणि बोट वाकेनासं झालं, तर टेंडन तुटलं आहे. ‘नस तुटली’ म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात वरून टाके घालून घरी आलेली अशी कितीतरी माणसं असतात. तळहाताच्या वरच्या आडव्या रेघेपासून बोटाच्या मधल्या पेराच्या मध्यापर्यंतचा टापू सर्वात कठीण. तिथे दोन टेंडन एकाच अरुंद नळीतून सरकतात आणि शिवलेली जागा नळीला चिकटली की बोट ताठ. बनेलने या टापूला ‘नो मॅन्स लँड’ म्हटलं होतं. तिथे लगेच शिवू नये असंच तेव्हा मानत. १९६० च्या दशकात लुइव्हिलच्या हॅरोल्ड क्लायनर्ट यांनी तिथे लगेच शिवून, शिवलेलं टेंडन लवकर हलवून चांगले निकाल दाखवले, आणि आज जगभर तसंच करतात. म्हणून इथे हाताचं प्रशिक्षण घेतलेला सर्जन हवाच, तो ऑर्थोचा असो की प्लास्टिकचा. शक्यतो पहिल्या काही दिवसांत, दोन आठवड्यांच्या आत. आणि त्याला विचारायचा पहिला प्रश्न शिवण्याचा नसून हलवण्याचा: ‘व्यायाम कोणत्या दिवशी सुरू होणार आणि कोण करून घेणार?’ उत्तर ‘सहा आठवडे प्लास्टर, मग बघू’ असं आलं, तर दुसरं मत घ्या. लहान मुलांत मात्र हात स्थिर ठेवतात, ते वेगळं.

बोट जोडायचं असेल तर मायक्रोस्कोप, केसाहून बारीक धागा, आणि एक मिलिमीटरच्या आसपासच्या रक्तवाहिन्या. हे काम नियमित करणाऱ्या टीमचं आहे. पूर्ण तुटलेला अंगठा जोडल्याचं पहिलं यश १९६५ मध्ये जपानमध्ये मिळालं, तेव्हापासून तंत्र पुष्कळ पुढे गेलं, पण प्रत्येक तुटलेलं बोट जोडावंच असं नाही. अंगठा, एकापेक्षा जास्त बोटं, लहान मूल, इथे सर्जन जिवाचं रान करतात. एकच चिरडलेलं बोट असेल तर न जोडण्याचा सल्ला देणारा सर्जन कधी कधी जास्त प्रामाणिक असतो. महिनोनमहिने सुन्न, ताठ बोट सांभाळण्यापेक्षा माणूस लवकर कामावर जातो.

मोटरसायकलवरून पडून मानेपासून हाताकडे येणाऱ्या नसांचा जुडगा, ब्रेकियल प्लेक्सस, ताणला किंवा उपटला गेला तर अख्खा हात लुळा पडतो. इथे सर्जन निवडण्यात वेळ घालवणं सगळ्यात वाईट. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, आणि स्नायू नसेविना कायम वाट बघत नाहीत. सुधारणा नसेल तर साधारण तीन ते सहा महिन्यांत शस्त्रक्रिया व्हावी. वर्ष उलटल्यावर नस जोडून फारसं हाती लागत नाही. ‘फिजिओथेरपी करत राहा, येईल हळूहळू’ हे ऐकत लोक आठ-दहा महिने घालवतात. हे करणारे सर्जन देशात मोजके आहेत. इथे मात्र पाचशे किलोमीटर जाच. पहिल्या महिन्यातच रिपोर्ट घेऊन दाखवून या, शस्त्रक्रिया नंतर ठरू दे.

जन्मतः जोडलेली बोटं किंवा नसलेला अंगठा असलेलं बाळ असेल तर लहान मुलांचे हात नियमित करणाराच शोधा. जन्मल्याबरोबर एकदा दाखवा म्हणजे वेळापत्रक कळतं. बऱ्याच शस्त्रक्रिया वर्षाच्या आसपास किंवा नंतर होतात, घाबरून जायचं कारण नसतं.

समोर बसल्यावर

डॉक्टरला त्याच्या शिक्षणाबद्दल विचारणं आपल्याकडे उद्धटपणाचं वाटतं. वाक्य नीट केलं की वाटत नाही. ‘डॉक्टर, अशा केसेस तुमच्याकडे महिन्यात साधारण किती होतात?’ ‘तुम्ही हाताचं ट्रेनिंग कुठे घेतलंत?’ ‘ऑपरेशन तुम्ही स्वतःच करणार ना?’ शेवटचा प्रश्न विशेषतः मोठ्या रुग्णालयात विचारा. ‘तुमच्या बहिणीचा हात असता तर काय केलं असतं?’ हा घिसापिटा प्रश्न विचारू नका, त्याचं पाठ केलेलं उत्तर मिळतं. त्याऐवजी ‘काहीच केलं नाही तर काय होईल?’ हे विचारा. यावर डॉक्टर किती तपशिलात बोलतो यावरून खूप कळतं.

आणि तो काय विचारतो याकडे लक्ष द्या. हाताचं काम मनापासून करणारा सर्जन एक्स-रे बघण्याआधी विचारतो, ‘कोणता हात वापरता? काम काय करता?’ तबलजी, शिंपी, मजूर, दंतवैद्य आणि टायपिंग करणारा यांच्या एकाच बोटाचा निर्णय वेगळा असतो. तो टेबलावर तुमचा हात घेऊन प्रत्येक बोटाचा प्रत्येक सांधा वेगळा वाकवायला लावतो, बोटांच्या टोकांना किती स्पर्श कळतो ते तपासतो, पकड मोजतो, दुसऱ्या हाताशी तुलना करतो. खिशातून हात न काढताच एम.आर.आय. लिहून देणारा कितीही मोठा असो, तो हाताचा डॉक्टर नाही.

भूल कोणती, अख्खा हात बधिर करणार की फक्त जागा, भूलतज्ज्ञ कोण, हे विचारा. ‘शंभर टक्के गॅरंटी’ ऐकू आली तर उठा. ‘आजच अ‍ॅडमिट व्हा, उद्या रेट वाढेल’ ऐकू आलं तर आणखी लवकर उठा.

सर्जनइतकाच थेरपिस्ट

हाताच्या शस्त्रक्रियेचा निम्मा निकाल नंतरच्या बारा आठवड्यांत ठरतो. तुमच्या हाताच्या मापाचं स्प्लिंट (हात ठरावीक स्थितीत धरणारा आधार) बनवून देणारा, रोजचे व्यायाम ठरवणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा हाताचं काम करणारा फिजिओथेरपिस्ट सर्जनच्या जोडीला आहे का, हे शस्त्रक्रियेआधी विचारा. मुंबईकरांना कदाचित ठाऊक नसेल, भारतातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा कमला निंबकर यांनी १९५० मध्ये केईएममध्येच सुरू केली. त्यामुळे मुंबईत असे लोक सापडतात. तालुक्याच्या गावी सापडणं कठीण. म्हणून पुण्यात शस्त्रक्रिया करून सोलापूरला परत जाणार असाल तर आधीच ठरवा: पहिले दोन-तीन आठवडे पुण्यात राहायचं, की व्हिडिओ कॉलवर थेरपिस्ट बघणार, की सोलापुरात कुणाला तरी सर्जन लेखी सूचना देणार. बरेच सर्जन दिवसाला तीन-चार रुग्णालयांत जातात. मग ड्रेसिंग कोण बघणार आणि रात्री बोट काळं पडलं तर फोन कोण उचलणार, हेही तेव्हाच विचारायचं.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी

अमेरिकेत ऑर्थो, प्लास्टिक किंवा जनरल सर्जरीचं शिक्षण झाल्यावर वर्षभराची हँड फेलोशिप असते, आणि १९८९ पासून हाताची वेगळी प्रमाणपत्र परीक्षा आहे. ‘बोर्ड सर्टिफाइड’ म्हणजे कशात, हे संबंधित बोर्डाच्या संकेतस्थळावर बघता येतं. ब्रिटनमध्ये हात ही वेगळी नोंदणीकृत शाखा नाही, त्यामुळे जनरल मेडिकल कौन्सिलच्या तज्ज्ञ यादीत सर्जन ‘ट्रॉमा अँड ऑर्थोपेडिक्स’ किंवा ‘प्लास्टिक’खालीच सापडेल. त्यावर ब्रिटिश डिप्लोमा इन हँड सर्जरी असेल तर चांगलंच.

कागद आणि पैसा

दुसरं मत घ्यायला जाताना पहिल्या डॉक्टरचं नाव सांगायची गरज नाही, पण त्याचे कागद न्या. एक्स-रेचा मोबाइलवरचा फोटो पुरत नाही; फिल्म किंवा सीडी लागते. आधी कुठे शस्त्रक्रिया झाली असेल तर ऑपरेशन नोट मागा, म्हणजे नेमकं कोणतं टेंडन, कोणती नस शिवली ते नव्या सर्जनला कळतं. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर ‘टेंडन रिपेअर डन’ एवढंच असतं आणि ते निरुपयोगी आहे. मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्यायला डॉक्टर बांधील आहे, तेव्हा अर्ज लेखी करा आणि त्याची पोच घ्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर रुग्णालय योजनेत आहे एवढं पुरत नाही. तुमची शस्त्रक्रिया ज्या शाखेत मोडते, प्लास्टिक की ऑर्थो, त्या शाखेसाठी ते रुग्णालय संलग्न आहे का हे आरोग्यमित्राला (योजनेच्या रुग्णालयातल्या प्रतिनिधीला) विचारा. कारखान्यातला अपघात असेल तर ई.एस.आय.चं कार्ड आणि अपघाताची कारखान्यातली नोंद पहिल्याच दिवशी करून घ्या. खासगीत अंदाजपत्रक लेखी मागताना त्यात स्प्लिंट आणि थेरपीचे बारा आठवडे धरले आहेत का ते बघा. बहुतेकदा धरलेले नसतात, आणि पैसे संपले म्हणून थेरपी सुटते ती नेमकी तिथेच.